कॉलेजची मशागत नववीतच करा



हरभरा उगवून वर आला आहे, गव्हाच्या पेरण्या आटोपत आल्या आहेत. एरवी या दिवसांत मी या पानावर पहिले पाणी केव्हा द्यावे, घाटे अळीवर नजर कशी ठेवावी, हे सांगत असतो. या खेपेस विषय निराळा घेतला आहे. गावोगाव फिरताना बांधावर, सोसायटीच्या ओट्यावर, दूध डेअरीपुढे मंडळी भेटतात. पिकाचे विचारून झाले की हळूच दुसरा प्रश्न निघतो, "साहेब, पोरगं नववीला आहे, पोरगी दहावीला आहे. पुढं कॉलेजला घालायचं म्हणतो. काय काय करावं लागंल?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात साऱ्या घराचे भवितव्य गुंतलेले असते. वाटण्या होत होत जमीन गुंठ्यांवर आली. तीन एकरांत दोन भावांचे संसार चालत नाहीत, हे तुम्हांला मी सांगायला नको. एकाने शेत सांभाळावे आणि एकाने शिकून दुसरी वाट धरावी, किंवा शिकून येऊन हीच शेती नव्या रीतीने करावी, हा विचार आज घरोघर आहे. विचार चांगला आहे. पण तो आपण बारावीचा निकाल लागल्यावर करायला बसतो. निकालानंतरची धावपळ म्हणजे पाऊस पडून गेल्यावर नांगरट काढण्यासारखे आहे. बियाण्यासाठी आपण मृगाची वाट पाहत नाही. उन्हाळ्यातच जमीन तयार ठेवतो. कॉलेजचेही तसेच आहे. त्याची मशागत नववीत सुरू झाली पाहिजे.

आधी मुलाशी बोला

पहिले काम बिनपैशाचे आहे. रात्री जेवणे झाली की मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि विचारा, "तुला काय आवडतं? कोणता विषय सोपा जातो, कोणता जड जातो?" उत्तर लगेच मिळणार नाही. चार वेळा विचारले की मिळेल. शेजारच्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून आपलाही झालाच पाहिजे, असे धरू नका. एकाच शिवारात एका रानात ऊस येतो, दुसऱ्यात ज्वारीच चांगली येते. रान पाहून पीक घेणारे आपण, मुलाच्या बाबतीत मात्र हे विसरतो.

मग शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटा. वर्षातून दोनदा तरी भेटा. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांचा पाया कच्चा असेल तर तो नववीतच कळतो आणि नववीतच भरून काढता येतो. घरात कोणी आठवीत असेल तर शाळेत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची चौकशी करा. ही परीक्षा आठवीतच देता येते. शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ती आहे, आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८ हजार होतात.

दहावीनंतरच्या वाटा

दहावीनंतर एकच वाट असते असे नाही. मुख्य वाटा अशा :

१. अकरावी-बारावी. कला, वाणिज्य किंवा विज्ञान. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात ओळखीने जागा धरून ठेवता येईल, या भरवशावर राहू नका.

२. तंत्रनिकेतन, म्हणजे पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका. हा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पदविका झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. चौथ्या वर्षी नोकरी धरायची की पुढे शिकायचे, हे दोन्ही हातात राहते.

३. आय.टी.आय. एक किंवा दोन वर्षांत मुलाच्या हाताला काम येते. वीजतंत्री, जोडारी, ट्रॅक्टर दुरुस्ती असे व्यवसाय तिथे शिकवतात. दोन वर्षांच्या आय.टी.आय.नंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोयही आहे.

४. कृषी पदविका. दहावीनंतर मराठीतून शेतीचे शिक्षण. घरची शेतीच करायची असेल, त्याने याचा जरूर विचार करावा.

पॉलिटेक्निक किंवा आय.टी.आय.ला गेलेला मुलगा म्हणजे "कमी पडलेला" मुलगा, असे गावात बोलले जाते. हे बोलणे सोडून द्या. तुमच्या मोटारीचे वायंडिंग जळते तेव्हा तुम्ही कोणाला शोधत फिरता, ते आठवा.

अकरावीत विषय पाहून घ्या

विज्ञान शाखा घेतली की सगळी दारे उघडी, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गणित सोडले तर इंजिनिअरिंगची वाट बंद होते. जीवशास्त्र सोडले तर डॉक्टरकीची आणि गुरांच्या डॉक्टरकीचीही वाट बंद होते. मुलाचे मन ठरलेले नसेल आणि झेपत असेल तर अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. झेपत नसेल तर मात्र दोन्हींचा हट्ट धरू नये.

आपल्या घरांतून वारंवार विचारला जाणारा अभ्यासक्रम म्हणजे बी.एस्सी. ॲग्री. तो चार वर्षांचा आहे. गणित गट किंवा जीवशास्त्र गट, दोन्हींतून तिथे जाता येते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी आपल्या राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, आणि त्यांच्याशी संलग्न खाजगी कॉलेजेही पुष्कळ आहेत. शासकीय कॉलेजची फी आणि खाजगी कॉलेजची फी यांत मोठा फरक असतो, म्हणून पसंतिक्रम भरताना नुसते गाव जवळ आहे एवढेच पाहू नका. गुरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर ते शिक्षण नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. तो अभ्यासक्रम प्रशिक्षणासह साडेपाच वर्षांचा आहे.

परीक्षा एक नाही, दोन असतात

पूर्वी बारावीचे गुण आले की काम भागत असे. आता बारावीची परीक्षा निराळी आणि प्रवेश परीक्षा निराळी. पुष्कळ पालकांना हे मे महिन्यात कळते.

इंजिनिअरिंग, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांसाठी राज्याची एम.एच.टी. सीईटी द्यावी लागते. ती साधारण एप्रिल-मे महिन्यांत असते. फॉर्म मात्र त्याच्या कितीतरी आधी, बारावीच्या परीक्षेपूर्वीच भरायचे असतात. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रश्नांचा साधारण पाचवा हिस्सा अकरावीच्या अभ्यासावर असतो. "अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष" असे मुले म्हणतात, ते इथे महागात पडते.

डॉक्टरकी आणि पशुवैद्यक यांसाठी देशपातळीवरची नीट परीक्षा आहे. तिथे बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकले तर एक कापला जातो. म्हणून तिथे अंदाजाने खुणा करणे घातक. ज्याला गुरांचा डॉक्टर व्हायचे आहे त्याने नुसती सीईटी दिली तर त्याचे वर्ष वाया जाते, हे लक्षात असू द्या.

मोठ्या शहरातल्या लाखाच्या क्लासशिवाय हे होत नाही, असे मानू नका. सीईटीचा पाया राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकेच आहेत, आणि बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. आधी पुस्तक ओळ न ओळ वाचणे, मग मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे, आणि चुकलेले प्रश्न एका वेगळ्या वहीत उतरवून दर रविवारी पुन्हा करणे. ही तीन कामे नेमाने करणारा मुलगा क्लासवाल्या मुलाच्या मागे राहत नाही.

कागद म्हणजे सातबाराच समजा

आता सर्वांत महत्त्वाचे. हुशार मुलाची जागा अभ्यासाने जात नाही, कागदाने जाते. माझ्या दौऱ्यातल्या एका गावात मुलीला गुण उत्तम होते, यादीत नावही लागले होते, पण जात वैधता प्रमाणपत्र हाती नव्हते. आजोबांच्या शाळेचा उतारा शोधण्यात महिना गेला आणि तेवढ्यात जागा गेली. त्या घरात पुढे दोन दिवस चूल नीट पेटली नाही. उतारा शेवटी सापडला तो तालुक्याच्याच शाळेत. दोन वर्षे आधी शोधला असता तरी तिथेच सापडला असता.

म्हणून एक फाइल करा आणि दहावीच्या वर्षापासून तीत कागद जमवायला लागा :

जन्मदाखला आणि आधार. नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे का ते पाहा. शाळेच्या रजिस्टरात चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. दाखला हाती पडल्यावर ते फार कठीण जाते.

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, तसेच तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हे सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार केंद्रातून निघतात.

जातीचा दाखला. तो प्रांत कार्यालयातून मिळतो. त्यासाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा पाहतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टराचा उतारा किंवा तहसील कचेरीतली कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल इथे उपयोगी पडते.

जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला निराळा आणि वैधता निराळी. मूल अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज करता येतो. वडिलांकडच्या नात्यात कोणाला, म्हणजे सख्ख्या चुलत्याला किंवा आत्याला, वैधता मिळालेली असेल तर तिची नक्कल अवश्य जोडा. शासन काही वर्षी मुदतवाढ देते, पण तिच्यावर विसंबणे म्हणजे परतीच्या पावसावर विसंबणे.

नॉन-क्रीमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, ज्याला जो लागू असेल तो. दोन्हींना आठ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. दाखला प्रवेशाच्या वर्षात चालू असला पाहिजे, शिळा चालत नाही.

कृषी अभ्यासक्रमासाठी शेतकरी असल्याचा, जमीनधारणेचा दाखलाही काढून ठेवा. प्रवेशाची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते. ती मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि तिच्यात लिहिलेल्या नमुन्यातच दाखला घ्या.

मुलाच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडून ठेवा. शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यात येतात. मूळ कागद कोणाकडे सोडू नका. झेरॉक्सचे चार संच करा.

पैशाची बेगमी

आता हिशेब करू. समजा मूल जिल्ह्याच्या गावी राहिले आणि खोली, खानावळ, जाणे-येणे मिळून महिना पाच हजार लागले. दहा महिन्यांचे ५० हजार, चार वर्षांचे दोन लाख. फी याहून निराळी. आकडा ऐकून छाती दडपते, पण तो चार वर्षांत विभागलेला आहे आणि नववीपासून धरले तर तयारीलाही चार वर्षे आहेत. खरिपाच्या मालाचे पैसे आले की आठ हजार आणि रब्बीचे आले की आठ हजार, एवढे जरी पोस्टात किंवा बँकेत मुलाच्या नावाने बाजूला ठेवले, तरी बारावीपर्यंत ६४ हजार आणि वर व्याज होते. पहिल्या वर्षाचा राहण्या-जेवणाचा खर्च तिथेच निघाला. आठ जमत नसतील तर चार ठेवा, पण ठेवा. आणि एक ध्यानात घ्या, प्रवेशाची फी जून ते ऑगस्टमध्ये मागतात. बी-खताला पैसे लागतात तेही तेव्हाच. घरात रोकड सर्वांत कमी असते त्या वेळी सावकार आठवतो.

सोसायटीचे पीककर्ज फीला वापरू नका. पीककर्ज वेळेत फेडले तर तीन लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते. ते पैसे फीत अडकले की हप्ता थकतो, सवलत जाते आणि पुढचे कर्जही अडते. त्यापेक्षा बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्या. साधारणपणे चार लाखांपर्यंत त्याला तारण मागत नाहीत आणि शिक्षण संपून एक वर्ष झाल्यावर हप्ते सुरू होतात. व्याज मात्र मधल्या काळातही चढत असते, हे समजून सही करा.

सवलती पुष्कळ आहेत, मागितल्याशिवाय मिळत नाहीत. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार, जमातींच्या मुलांसाठी स्वयं या योजना आहेत. यांच्या अर्जाची चौकशी प्रवेश झाल्याबरोबर कॉलेजच्या कार्यालयात करा. ज्यांना काम करून शिकायचे आहे त्यांच्यासाठी कमवा व शिका योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकण्याची ही रीत आपल्याकडे रुजवली. तीत कमीपणा काही नाही.

राहिली गोष्ट जमिनीची. खाजगी कॉलेजात जागा "मिळवून देतो" म्हणणारे लोक जुलैत गावात फिरतात. त्यांच्या नादाने विहिरीलगतचे वीस गुंठे विकलेले घर मी पाहिले आहे. मुलाला तो अभ्यासक्रम झेपला नाही, दुसऱ्या वर्षी तो परत आला. जमीन परत आली नाही. प्रवेश शासनाच्या फेरीतूनच घ्या. फेरीबाहेरच्या जागेला बहुतेक सवलतीही मिळत नाहीत.

अभ्यास आणि शेतीकाम

शेतकऱ्याच्या मुलाने कामच करू नये, असे मी म्हणणार नाही. रोज तास-दीड तास वैरणकाडी केल्याने कोणी नापास होत नाही. पण पाहा, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा, ज्वारी, गहू काढणीला येतात आणि परीक्षाही तेव्हाच असते. त्या दोन महिन्यांत मजूर मिळत नाही म्हणून मुलाला रानात नेऊ नका. जानेवारीतच भावकीशी इरजिकीचे ठरवून ठेवा. वीज रात्रीची असेल तर दाऱ्यावर वडिलांनी जावे, मुलाने झोपावे.

तुम्ही शिकला नसलात तरी मदत करता येते. संध्याकाळी मुलाला म्हणा, "आज काय शिकलास ते मला समजावून सांग." ज्याला आईला समजेल असे सांगता आले, त्याला ते परीक्षेत लिहिता येते.

मुलींबद्दल दोन शब्द

बारावीनंतर मुलीचे शिक्षण थांबते ते पुष्कळदा एस.टी.च्या वेळेमुळे आणि "आता किती शिकवायचं" या एका वाक्यामुळे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. पुढच्यासाठीही सोय झाली आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शासकीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खानावळीचा खर्च तेवढा आपला. दोन वर्षे लग्नासाठी पैसे साठवता, तेच तिच्या खानावळीला लावा. शिकलेल्या मुलीच्या सासरी आणि माहेरी, दोन्ही घरी उजेड पडतो.

गुण कमी पडले तर

निकालाच्या दिवशी घरात आवाज चढवू नका. नापास झालेल्यासाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. आय.टी.आय. आहे, पदविका आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. दुबार पेरणी आपण करतोच ना? बी उगवले नाही म्हणून कोणी रान विकत नाही. त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका. त्याच्या ताटाशेजारी आपले ताट घ्या, एवढे पुरे आहे.

या आठवड्यात करायचे काम तीनच : मुलाशी बोलणे, शाळेत जाऊन रजिस्टरातले नाव तपासणे, आणि पेटीतले जुने कागद काढून फाइल घालणे. तिन्हींना मिळून एक दिवस पुरतो. आजोबांचा उतारा कुठे असेल ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. ती आठवण त्यांनाच असते.

शंका असल्यास पत्र टाका, नाहीतर पंचायत समितीत बाजाराच्या दिवशी भेटा. पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटे अळी आणि पक्षिथांबे यांविषयी.